उन्हाच्या गावी थँक्सगिव्हिंग

चार दिवसांची सुट्टी, घरभर पाहुणे आणि भर नोव्हेंबरात कोवळे ऊन! अमेरिकेतला हा सण फ्लॉरिडासारख्या उबदार भागात साजरा करण्याची मजा काही औरच. पण या मजेत घरची यजमानीणसुद्धा सुट्टीवर आहे, हे किती जणांच्या लक्षात राहते?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा आदला दिवस. शिकागो, डेट्रॉइट, न्यू जर्सी इथल्या विमानतळांवर पाय ठेवायला जागा नसते. जाड कोट, लोकरी टोप्या, कडेवर मूल, खांद्यावर बॅग आणि एखाद्या मराठी कुटुंबाच्या पिशवीत चिवड्याचा डबा. तीन तासांनी हीच माणसे ओरलँडो किंवा टँपाच्या विमानतळाबाहेर येतात, तेव्हा पहिले काम करतात ते कोट काढण्याचे. मागे घरी रात्री पारा शून्याच्या आसपास उतरलेला आणि इथे दुपारचे तापमान चोवीस-पंचवीस अंश. मुले तर गाडीतूनच विचारू लागतात, “पोहायला कधी जायचं?”

त्याच वेळी ज्या घरी ही मंडळी जाणार असतात, तिथे काय चाललेले असते? गाद्या मोजून झालेल्या असतात, एक कमी पडते. फ्रीजचे दार नीट लागत नाही. कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाला लसूण चालत नाही, कोणाचा गुरुवारचा उपास, याची उजळणी सुरू असते. फोनवर नणंदेने आधीच सांगून ठेवलेले असते, “वहिनी, आम्ही काही पाहुणे नाही हं! आमच्यासाठी विशेष काही करू नका.” या वाक्याचा खरा अर्थ प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतो. विशेष करावेच लागते!

वर्षभर ज्या सुट्टीची वाट पाहिली, ती स्वयंपाकघरात कधी सरली ते कळलेही नाही, असे मग तिला रविवारी वाटले तर नवल नाही. खरे तर या सणाचा मूळ धागा पाहिला, तर तो असा एकटीने राबण्याचा नाहीच.

पाहुण्यांनी आणलेली पाच हरणे

१६२० साली 'मेफ्लॉवर' नावाच्या जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाले आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथ इथे त्यांनी वस्ती केली. पहिल्याच हिवाळ्याने त्यांच्यातले जवळजवळ निम्मे लोक नेले. १६२१ च्या शरद ऋतूत पीक हाती आले, तेव्हा उरलेल्या पन्नासएक जणांनी मेजवानी केली. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसॅसॉइट सुमारे ९० माणसे घेऊन तिथे आला. यजमान पन्नास आणि पाहुणे नव्वद! मेजवानी चालली तीन दिवस. वस्तीत प्रौढ स्त्रिया उरल्या होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चुलीपुढे त्यांची काय तारांबळ उडाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण वस्तीतल्या एडवर्ड विन्स्लो या गृहस्थाने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पाहुणे नुसते जेवायला बसले नाहीत. ते शिकारीला गेले आणि पाच हरणे मारून घेऊन आले. आज टर्कीशिवाय हा सण होत नाही, पण त्या पत्रात टर्कीचे नाव नाही, नुसता पक्ष्यांचा उल्लेख आहे. पाहुण्यांनी आणलेल्या हरणांची नोंद मात्र आकड्यासह आहे.

या कथेला दुसरी बाजूही आहे. गोऱ्या वसाहतींच्या पुढच्या विस्तारात मूळ रहिवाशांनी जमिनी गमावल्या, माणसे गमावली. म्हणून १९७० पासून प्लिमथ इथे त्यांचे काही वंशज याच दिवशी शोकदिन पाळतात. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना सण सांगताना हेही सांगायला हवे.

उबदार फ्लॉरिडाचा तर या बाबतीत स्वतःचा दावा आहे. ८ सप्टेंबर १५६५ रोजी, म्हणजे प्लिमथच्या मेजवानीच्या ५६ वर्षे आधी, पेद्रो मेनेंदेझ हा स्पॅनिश सेनानी सेंट ऑगस्टीन इथे उतरला. तिथे आभाराची प्रार्थना झाली आणि नंतर स्थानिक तिमुक्वा लोकांसह जेवण झाले. खरे पहिले थँक्सगिव्हिंग तेच, असे फ्लॉरिडाचे इतिहासकार मायकेल गॅनन यांचे म्हणणे होते. जहाजावरच्या शिध्यावरून त्या जेवणात खारवलेले डुकराचे मांस आणि काबुली चणे असावेत, असा त्यांचा तर्क होता. तेव्हा फ्लॉरिडातल्या एखाद्या मराठी घरी त्या दिवशी छोल्यांचे पातेले चढले, तर ते परंपरेला सोडून आहे असे कोणी म्हणू नये!

आणि या सणाला राष्ट्रीय सुट्टीचे रूप मिळवून देण्यात मोठा वाटा कोणाचा? स्त्रियांच्या एका मासिकाच्या संपादिकेचा. सारा जोसेफा हेल ही पाच मुलांना एकटीने वाढवणारी विधवा. तिने वर्षानुवर्षे मासिकातून लिहिले, राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. अखेर १८६३ साली अब्राहम लिंकन यांनी यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला.

दिवाळी हुकली, हा सण साधला

अमेरिकेतल्या मराठी घरांना या सणाचा लळा लागण्याचे कारण सरळ आहे. दिवाळीला तिथे देशभर सुट्टी नसते. लक्ष्मीपूजन मंगळवारी आले तर बुधवारी सकाळी ऑफिस आणि शाळा आहेच. भाऊबीजेला भाऊ एका राज्यात आणि बहीण दुसऱ्या. मग तीन-चार आठवड्यांनी हा गुरुवार येतो. बहुतेक ऑफिसे आणि शाळा शुक्रवारीही बंद असतात, पुढे शनिवार-रविवार. एवढी सलग सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी मिळते ती तेव्हाच. म्हणून मग हुकलेली भाऊबीज या चार दिवसांत होते, राहिलेला फराळ तेव्हा संपतो आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांभोवती सगळी नातवंडे एकदाची जमतात.

हे जमायचे कुठे, असा प्रश्न आला की सगळ्यांची बोटे नकाशाच्या तळाकडे वळतात. बर्फातल्या घरी दहा मुलांना चार दिवस कोंडून ठेवण्यापेक्षा फ्लॉरिडातल्या दादाकडे जाऊ! गोव्यात किंवा कोकणात ज्यांची घरे आहेत, त्यांना हे दुखणे नवे नाही. मे महिना आणि नाताळ आला की सगळ्या नातेवाइकांना त्यांची एकाएकी आठवण होते. ऊन आणि समुद्र दाराशी असणे ही चैन आहे, पण ज्याच्या दाराशी तो असतो त्याचे घर आपोआप धर्मशाळा होते.

बोलणी आधी, बॅगा नंतर

यावर उपाय एकच. संकोच न करता सगळे आधी बोलून घेणे. किती जण येणार, कधी येणार आणि कधी जाणार? परतीची तारीख विचारणे आपल्याकडे असभ्य समजले जाते. पण तिकीट काढण्यापूर्वी विचारलेली तारीख ही सोय असते, नंतर विचारली तर तो अपमान होतो.

पाहुणे आठ-दहा असतील, तर सगळ्यांनी एकाच घरात दाटीवाटीने राहण्याचा हट्ट नको. ओरलँडोच्या आसपास, विशेषतः किसिमीच्या भागात, सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी चार-पाच खोल्यांची घरे पुष्कळ आहेत. स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि अंगणात पोहण्याचा तलाव अशी सोय त्यांत असते. तीन कुटुंबांनी भाडे वाटून घेतले, तर कोणा एकावर भार पडत नाही. शिवाय अशा घरात सगळेच पाहुणे आणि सगळेच यजमान. कोणत्या कपाटात काय आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे 'अगं, तूच काढून दे ना' हा प्रश्नच उरत नाही! मात्र या दिवसांत घरांना मागणी फार असते, त्यामुळे उन्हाळ्यातच ठरवलेले बरे.

खर्चाचेही तसेच. किराणा, गाडीचे भाडे, तिकिटे यांचा हिशेब एका जबाबदार माणसाकडे द्यावा आणि शनिवारी रात्री तो पुरा करावा. भावाभावांत हिशेब कसला, असे म्हणून सोडलेले पैसे विसरले जात नाहीत, ते फक्त मनात जमा होतात.

पाहुण्यांनी सामान आणताना एक ध्यानात ठेवावे. फ्लॉरिडा म्हणजे सदा उन्हाळा नव्हे. उत्तरेकडून थंड वारे आले, की उत्तर आणि मध्य फ्लॉरिडात रात्री चांगलाच गारठा पडतो. प्रत्येकाचा एक स्वेटर हवाच. समुद्रही फसवा असतो. किनाऱ्यावर ऊन असले, तरी नोव्हेंबरअखेरीस पाणी आपल्या कोकणापेक्षा बरेच गार असते. मुले पाण्यात उतरतात आणि मोठी माणसे पाय भिजवून परततात.

गुरुवारचे ताट

आता जेवणाकडे वळू. ज्या घरात टर्की होणार, तिथे पहिली गफलत होते ती बर्फ उतरवण्यात. गोठवलेला पक्षी फ्रीजमध्येच सुटा व्हावा लागतो आणि दर दोन किलोंना साधारण एक दिवस लागतो. म्हणजे सहा किलोंचा पक्षी रविवारी किंवा उशिरात उशिरा सोमवारी सकाळी फ्रीजरमधून खाली यायला हवा. उबदार हवेत तो ओट्यावर ठेवून देणे धोक्याचे. शिजल्यावर आतले तापमान ७४ अंश सेल्सियस झाले आहे, याची खात्री मांसात टोचायच्या तापमापकाने करावी. नुसत्या रंगावर जाऊ नये. अंगणात उकळत्या तेलाच्या कढईत अख्खी टर्की सोडण्याची हौस तर टाळलेलीच बरी. अमेरिकेत स्वयंपाकामुळे घराला आग लागण्याचे प्रकार सर्वांत जास्त याच दिवशी होतात.

पाहुण्यांत शाकाहारी असतील, तर तयार पदार्थांची पाकिटे नीट वाचायला हवीत. टर्कीत भरायचा किंवा वेगळा भाजायचा पावाचा 'स्टफिंग' हा प्रकार दिसायला साधा, पण तो बहुधा कोंबडीच्या अर्कात भिजवलेला असतो. रताळ्यांवर घालतात त्या गोड, मऊ मार्शमेलोत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून बनते. पायच्या तयार कवचात कधीकधी चरबी असते. सासूबाईंना आग्रहाने वाढून झाल्यावर हे कळण्यापेक्षा दुकानातच कळलेले चांगले.

आणि खरे सांगायचे तर या सणाचे निम्मे ताट आपल्या ओळखीचेच आहे. लाल भोपळा, रताळी, मका, बटाटे. अमेरिकन घरात भोपळ्याची पाय होते, आपल्या घरात त्याच भोपळ्याचे घारगे होतील. रताळ्याचा कीस उपासवाल्यांनाही चालेल. लालचुटूक, आंबट क्रॅनबेरी चाखली की करवंदाची आठवण होते. गूळ, मिरची आणि मोहरीची फोडणी दिली, तर तिची चटणी सगळ्यांच्या आधी संपते. जोडीला मसालेभात आणि कोशिंबीर असली, की आजोबांचे जेवण झाले आणि नातवंडांचा सणही झाला.

प्रश्न आहे तो हे सगळे करायचे कोणी. पदार्थ वाटून घेणे हे त्याचे उत्तर. एका कुटुंबाने एक भाजी आणि एक गोड पदार्थ पुरा सांभाळायचा. पुरा म्हणजे सामान आणण्यापासून भांडी विसळण्यापर्यंत. विमानाने येणाऱ्याला पातेले आणता येत नाही हे खरे, पण मसाला, भाजणी, घरचे लोणचे आणता येते आणि आल्यावर ओट्यापाशी उभेही राहता येते. पुरुष मंडळींनी फुटबॉलचा सामना पाहावा, जरूर पाहावा. पण मध्यंतरात सिंकमधली भांडी डिशवॉशरमध्ये लावायला कितीसा वेळ लागतो? किराणा मात्र बुधवारपर्यंतच आणून ठेवावा. गुरुवारी बरीच दुकाने बंद असतात आणि हिंगाची डबी शेजारी मिळण्याची शक्यता कमी!

हवा छान असल्यामुळे पंगत अंगणात बसते, हा उबदार भागाचा मोठाच फायदा. पण अंधार साडेपाच-सहाच्या सुमारास पडतो, म्हणून जेवण दुपारी अडीच-तीनला ठेवलेले चांगले. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपले पाहिजे. गप्पांच्या नादात भात-भाजी रात्रीपर्यंत टेबलावर राहिली, तर शुक्रवारचा सगळा बेत पोटाच्या तक्रारीत बुडतो.

शुक्रवार, शनिवार उन्हात

शुक्रवारी दुकानांत सवलतींचा धडाका असतो. ज्यांना गर्दीची हौस आहे त्यांनी खुशाल जावे, पण घरातल्या सगळ्यांना त्यात ओढू नये. वय वेगवेगळे, आवड वेगवेगळी. दहा जणांनी दिवसभर एकत्रच फिरले पाहिजे, या आग्रहातून निम्मी भांडणे होतात. सकाळी ज्याचे त्याचे, संध्याकाळी सगळे एकत्र, हा नियम सोयीचा पडतो.

मुलांना डिस्ने वर्ल्डचे वेड असणारच. पण हा आठवडा तिथल्या गर्दीच्या आठवड्यांपैकी एक. आजीला गुडघ्यांचा त्रास असेल, तर तिला त्या रांगांत उभे करू नये. तिच्यासाठी ओरलँडोपासून तासाभराच्या आत ब्लू स्प्रिंग हे सरकारी उद्यान आहे. तिथल्या झऱ्याचे पाणी बारा महिने सुमारे २२ अंश असते. नदी गार होऊ लागली, की नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत मॅनॅटी नावाचे जलचर त्या झऱ्यात मुक्कामाला येतात. चार-पाचशे किलोंचे हे शांत, शाकाहारी प्राणी वीस अंशांखालच्या पाण्यात फार काळ तग धरू शकत नाहीत. लाकडी पुलावरून चालत त्यांना अगदी जवळून पाहता येते. थंडीला कंटाळून उबेला आलेले आणखी काही पाहुणे! त्यांच्यासाठी त्या काळात माणसांचे पोहणे तिथे बंद ठेवतात.

सेंट ऑगस्टीन ओरलँडोहून दोन तासांच्या आसपास. तिथला कास्तिओ दे सान मार्कोस हा किल्ला १६७२ साली बांधायला घेतला. त्याचा दगड शिंपल्यांच्या चुऱ्यापासून नैसर्गिकरीत्या बनलेला आहे. तोफेचा गोळा आदळला तर दगड फुटण्याऐवजी गोळा आत रुतून बसायचा. जलदुर्गांच्या मुलखातून आलेल्या आजोबांना तिथे अर्धा दिवस सहज पुरतो. संध्याकाळी जुन्या गावात दिव्यांची रोषणाई असते, ती पाहताना हुकलेल्या दिवाळीची भरपाई होते.

काळजी दोनच गोष्टींची घ्यायची. तळी आणि कालवे यांच्या काठी, विशेषतः संध्याकाळी, मुलांना एकटे सोडू नये. तिथे मगरीच्या जातीचे अॅलिगेटर असतात आणि त्यांना खायला घालणे कायद्याने गुन्हा आहे. आणि अंगणातल्या तलावापाशी एका मोठ्या माणसाची पाळी ठरवून द्यावी. सगळे लक्ष ठेवून आहेत असे जेव्हा प्रत्येकाला वाटते, तेव्हा कोणाचेच लक्ष नसते.

आई-वडील पाहुणे असतात तेव्हा

भारतातून आलेल्या आई-वडिलांचे गणित थोडे निराळे. प्रवासी म्हणून आलेल्यांना तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ मिळत नाही. म्हणून पाहुण्यांसाठीचा आरोग्यविमा आधीच काढावा आणि जुन्या आजारांसाठी त्यात काय मिळते, काय नाही, हे वाचून घ्यावे. रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. चेक-इनचे सामान हरवू शकते.

पण त्याहून नाजूक बाब मनाची. सहा महिन्यांच्या मुक्कामात आईला सगळ्यात खुपते ते हे, की आपल्याला इथे काही कामच नाही. गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर कोणी भेटत नाही, स्वयंपाकघर सुनेचे. “आई, तुम्ही बसा, दमाल,” हे सून प्रेमाने म्हणते आणि सासूला मात्र आपण अडगळ झाल्यासारखे वाटते. सणाच्या दिवशी घारग्यांचे पीठ आजीच्या हाती द्यावे. नातवंडे भोवती जमतात, त्यांची बोटे पिठात माखतात आणि कोणीतरी विचारते, “आजी, तुझ्या लहानपणी कसं होतं गं?” त्या चार दिवसांत तिचे पाहुणेपण तिथे संपते आणि सुनेचा ओटाही हलका होतो.

रविवारची सकाळ

पंगत बसण्याआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल आभार मानायचे, अशी अमेरिकन घरांत रीत आहे. आपल्या माणसांना ते अवघडल्यासारखे होते. घरच्यांचे आभार कसले मानायचे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यामुळेच कितीतरी गृहिणींनी आयुष्यभर पंगती उठवल्या आणि 'आज भाजी छान झाली होती' एवढे चार शब्दही त्यांच्या वाट्याला आले नाहीत. वर्षातून एकदा तोंडाने म्हटले, तर नाते परके होत नाही.

तोंडाने म्हणणे जमलेच नाही, तर दुसरी वाट आहे. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी पाहुण्यांनी चादरी काढून यंत्रात टाकाव्यात, गाद्या उचलून ठेवाव्यात, फ्रीजमधले उरलेले संपवावे आणि वहिनीच्या हातात गरम चहाचा कप देऊन तिला अंगणातल्या उन्हात अर्धा तास बसवावे. ज्या उन्हासाठी सगळे एवढ्या लांबून आले, ते चार दिवसांत तिच्या वाट्याला आलेलेच नसते.

पाच हरणे आणणारे पाहुणे आता कोणाकडे येत नाहीत. पण नुसत्या हात हलवत जाणाऱ्या पाहुण्यांपेक्षा हात लावून जाणाऱ्या पाहुण्यांना पुढच्या वर्षीचे आमंत्रण मनापासून मिळते, मग घर फ्लॉरिडात असो की फोंड्यात.